वळण बिघडते कुठे? स्लालम वॉटर-स्कीमधल्या एका वादाचा आढावा

स्लालम वॉटर-स्कीइंगमध्ये वळण ठरावीक तऱ्हांनी बिघडते. कधी स्कीची शेपटी पकड सोडून बाहेर फेकली जाते. कधी स्की वळायलाच तयार नसते. बोया मागे पडला तरी ती बोट जाते त्याच दिशेने सरळ पळत राहते. कधी टोक एकदम पाण्यात रुतते आणि खेळाडू स्कीच्या पुढे जाऊन आदळतो. तर कधी वळण वेळेवर पुरे होते, पण दोरी सैल पडते आणि बोट ती पुन्हा ताणते तेव्हा खांद्यांना जबर हिसका बसतो. यांवर उपाय सांगणारी दोन घराणी आहेत. एक म्हणते, पाना आणि कॅलिपर काढा, स्कीच्या शेपटीखालची फिन हलवा, बूट पुढे-मागे करा. दुसरे म्हणते, स्कीला हात लावू नका, शरीर सुधारा. दोन्हीकडे जाणती माणसे आहेत आणि दोन्हींच्या उपायांनी बरे झालेले खेळाडूही आहेत. मात्र दोन्ही बाजू नीट ऐकल्या की जाणवते ते हे, की खरी अडचण पुराव्याची आहे. बदल केला आणि वळण सुधारले, एवढ्यावरून ते त्या बदलामुळेच सुधारले असे म्हणण्याची सोय या खेळात फारशी नाही.

बोयांची भूमिती

वाद समजायला आधी अंतरे पाहावी लागतात. स्लालमचा मार्ग २५९ मीटर लांबीचा असतो. बोट त्याच्या मधोमध, सरळ रेषेत आणि ठरलेल्या वेगाने जाते. खेळाडू सुरुवातीच्या फाटकातून आत शिरतो, २७ मीटरवर पहिला बोया येतो, मग दर ४१ मीटरवर एक असे एकूण सहा, आलटून-पालटून दोन बाजूंना. प्रत्येक बोया मधल्या रेषेपासून ११.५ मीटर दूर. पुरुषांच्या खुल्या गटात बोटीचा कमाल वेग ताशी ५८ किलोमीटर, महिलांच्या गटात ५५. कमाल वेगाला सहाही बोये झाले की पुढची परीक्षा दोरीची: १८.२५ मीटरची दोरी १६ वर येते, मग १४.२५, १३, १२, ११.२५ आणि त्याखाली. ११.२५ मीटरपासून दोरी बोयापर्यंत पोहोचतच नाही. उरलेले अंतर लांबवलेला हात आणि पाण्यावर जवळजवळ आडवे झालेले शरीर भरून काढते. नेट स्मिथने २०१३ साली विश्वविक्रम केला तो ९.७५ मीटरच्या दोरीवर अडीच बोयांचा.

ताशी ५८ किलोमीटरला बोट दोन बोयांमधले अंतर अडीच सेकंदांत कापते. तेवढ्याच वेळात खेळाडूला २३ मीटर आडवे जायचे असते. नाकासमोर गेला तरी ते ४७ मीटर होतात, म्हणजे सरासरी वेग ताशी ६६ किलोमीटरच्या वर. प्रत्यक्षात वाट वाकडी असते आणि बोयाजवळ वेग कमी होतो, तेव्हा बोटीमागून जाताना तो याहून बराच जास्त असावा लागतो. दोरीचा कोनही पाहा. हात आणि शरीर सोडून नुसता हिशेब केला, तर १८.२५ मीटरच्या दोरीला बोयापर्यंत जायला बोटीच्या रेषेपासून सुमारे ३९ अंश उघडावे लागते, १३ मीटरला सुमारे ६२ आणि १२ मीटरला सुमारे ७३. खेळाडू बोटीला बांधलेल्या झोक्यावर असतो असे म्हटले, तर दोरी जितकी आखूड तितका झोका उंच न्यावा लागतो, आणि उंच न्यायची ताकद मधून जाताना मिळालेल्या वेगातूनच येते. बोयाशी पोहोचल्यावर नवी ताकद आणायला जागा नसते. तिथे खेळाडूचा वेग किती, दिशा कोणती आणि दोरी ताणलेली आहे की नाही, हे तिन्ही एक सेकंद आधीच ठरून गेलेले असते.

वाद आला कुठून

वॉटर-स्कीइंगचा जन्म १९२२ साली अमेरिकेतल्या मिनेसोटात, लेक पेपिनवर, राल्फ सॅम्युएलसनच्या दोन लाकडी फळ्यांवर झाला. १९३९ मध्ये अमेरिकन वॉटर स्की असोसिएशन स्थापन झाली आणि १९४९ मध्ये फ्रान्समधल्या ज्वाँ-ले-पँ इथे पहिली जागतिक स्पर्धा भरली. लाकडी स्कीच्या काळात सेटिंगचा वाद उद्भवायचा प्रश्नच नव्हता, कारण फिन जिथे बसवली तिथे राहायची. वळण जमत नसेल तर खेळाडूनेच जमवून घ्यायचे किंवा दुसरी स्की शोधायची. पुढे फायबरग्लास आले, मग कार्बन फायबर आले, आणि फिन स्क्रू सैल करून हलवता येईल अशा ब्लॉकमध्ये बसू लागली. फिनच्या दोन्ही अंगांना छोटे पंख, म्हणजे विंग, लागले. बुटांच्या पट्ट्यांना भोकांची रांग आली. हलवता येणारी वस्तू हाती आली की ती हलवून पाहायचा मोह होणारच. त्यातून आकड्यांची एक संस्कृतीच उभी राहिली. आज नवी स्की घेणाऱ्याला उत्पादक फिनची लांबी, खोली, शेपटीपासूनचे अंतर, विंगचा कोन आणि बुटांची जागा एवढे आकडे देतो, आणि खेळाडू ते वहीत जपून ठेवतो.

साधनांची बाजू

या बाजूचे तर्कशास्त्र वाटते तितके भोळे नाही. फिन हे पाण्याखालचे उभे पाते आहे. स्की कलली की शेपटी बाहेरच्या बाजूला घसरू पाहते आणि फिन तिला धरून ठेवते. म्हणून फिन खोल केली तर शेपटी जास्त धरते, पण वळण रुंद आणि सावकाश होते. उथळ केली तर शेपटी मोकळी होते आणि प्रमाण चुकले तर निसटते. लांबी वाढवली की टोकाची पकड वाढते आणि वळणाचा शेवट जास्त कोनात होतो, असे मानतात. संपूर्ण फिन पुढे सरकवली की स्की लवकर वळते, मागे नेली की बोटीमागून जाताना स्थिर राहते. बूट पुढे नेल्यास स्कीचा पुढचा भाग जास्त पाण्यात राहतो, मागे नेल्यास टोक हलके होते. विंग ब्रेकचे काम करते यावर साधारण एकमत आहे. पण स्की कलंडलेली असताना तिचा जोर शेपटीला नेमका कुठे ढकलतो, यावर दोन जाणकारांची दोन मते पडतात.

प्रत्येक नियम सुटा वाचला की पटतो. घोटाळा होतो तो एकाच लक्षणाला दोन उलट औषधे निघतात तेव्हा. वळणाच्या शेवटी शेपटी निसटते आहे, असे समजा. एक म्हणेल, शेपटीला आधार कमी पडतो, फिन खोल करा. दुसरा म्हणेल, टोक फार पकडते आहे, त्याच्याभोवती शेपटी फिरून बाहेर जाते, म्हणून फिनची लांबी कमी करा. दोघांचे वर्णन खरे असू शकते, कारण शेपटीची पकड आणि टोकाची पकड यांचा तोल बिघडला की दिसणारे दृश्य सारखेच असते. कोणत्या बाजूने बिघडला, हे किनाऱ्यावरून ओळखायला सरावलेली नजर लागते, आणि स्कीवर उभ्या असलेल्याला तर त्या क्षणी फक्त आपण पडतो आहोत एवढेच कळते.

दुसरी गुंतागुंत मापाची आहे. फिन हलवायची म्हणजे ब्लॉकचे स्क्रू किंचित सैल करायचे, बोटाने फिन सरकवायची, पुन्हा आवळायची आणि डिजिटल कॅलिपर लावून पाहायचे. आवळताना फिन हलतेच. शिवाय तिची कड वक्राकार असल्यामुळे एक माप बदलले की दुसरेही बदलते. लांबी वाढवायला फिन थोडी तिरकी केली तर खोलीही सरकते, म्हणून चारही आकडे पुन्हा जुळवत बसावे लागते. लांबी कॅलिपरच्या टोकदार जबड्यांनी मोजली की सपाट भागाने, यावरही आकडा बदलतो, आणि दोन खेळाडू एकमेकांना आकडे सांगताना पद्धत सांगायला विसरतात. नेहमीचा फेरफार इंचाच्या पाच ते दहा हजारांशांचा असतो. दहा हजारांश म्हणजे पाव मिलिमीटर. फिनची खोली साधारण अडीच इंच, म्हणजे ६३ मिलिमीटरच्या आसपास; तेव्हा हा बदल खोलीच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी झाला. कॅलिपर किंचित तिरका धरला तर एवढा फरक न हलवलेल्या फिनमध्येही दिसू शकतो.

तंत्राची बाजू

दुसऱ्या घराण्याचे म्हणणे भूमितीवर उभे आहे. बोयाशी काय होणार हे आधीच ठरत असेल, तर वळणाचा दोष वळणात शोधणे म्हणजे चुकीच्या जागी शोधणे. या मताचे प्रशिक्षक क्रमाने मागे जातात. दोरी सैल पडली? बहुधा खेळाडूने बोटीची लाट ओलांडल्यावरही ओढणे चालू ठेवले, वेग जास्त घेऊन तो बोयाशी पोहोचला आणि बोटीकडे धावत वळला. मग दोरीच्या टोकाशी राहण्याऐवजी तो तिच्या वर्तुळाच्या आत आला. स्की वळत नाही? वजन मागच्या पायावर गेले आहे, टोक उचलले आहे आणि पाण्याला टेकलेली धार आखूड झाली आहे. टोक रुतते? वळायला उशीर झाला म्हणून खेळाडूने खांदे आत फिरवून स्कीला जबरदस्तीने ओढले. उशीर का झाला? फाटकाकडे सुटताना तो पुरेसा रुंद गेला नव्हता. अशा रीतीने सहाव्या बोयाशी झालेल्या पडझडीचे मूळ पहिल्या बोयाच्या आधी निघते.

पण ही बाजू एकजिनसी नाही, आणि इथेच बाहेरच्या वाचकाची गल्लत होते. वळताना कंबर आणि खांदे बाहेरच्या बाजूला फिरलेले ठेवावेत, असे जुने शिक्षण सांगते. शरीर सैल ठेवून स्कीसोबत फिरू द्यावे, असे दुसरे मत. बोटीमागे जोराने आणि लांबवर ओढावे की थोडक्यात आणि हलके ओढावे, यावर वाद आहे. एका धारेवरून दुसऱ्या धारेवर जाणे लाटेच्या किती जवळ व्हावे आणि हँडल दोन्ही हातांत किती वेळ ठेवावे, यावर तर २००० नंतरच्या काळात ‘वेस्ट कोस्ट’ नावाची एक स्वतंत्र शैलीच पुढे आली. तीत बाहेर जाताना हँडल शरीराजवळ धरून दोरीवरचा ताण आणि बाहेरची दिशा टिकवण्यावर भर असतो. म्हणजे ‘तंत्र सुधारा’ या सल्ल्यातही कोणते तंत्र हा प्रश्न शिल्लक राहतोच. फिनच्या आकड्यांवर हसणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवे. उलट आकडे निदान लिहून ठेवता येतात. खांदा किती अंश उघडा होता, हे चित्रफीत नसेल तर कोणालाच सांगता येत नाही.

एकाच बाजूचा दोष

या सगळ्या गुंत्यात एक पुरावा मात्र ठळक आहे आणि त्याच्याकडे पुरेसे लक्ष जात नाही. बहुतेक खेळाडूंचे एका बाजूचे वळण चांगले आणि दुसऱ्या बाजूचे वाईट असते. पुढे कोणता पाय यावरून ही बाजू बदलते. आता स्की डावीउजवी सारखीच असते, फिनही तशीच. फिन खोल केली तर ती दोन्ही वळणांत सारखीच खोल राहते. तेव्हा दोष फक्त एका बाजूला दिसत असेल, तर पहिला संशयित शरीर असायला हवे. कारण एकामागे एक ठेवलेली पावले, त्यामुळे एका बाजूला सहज उघडणारी आणि दुसऱ्या बाजूला अडखळणारी कंबर, आणि हँडल सोडणारा हात, एवढ्याच गोष्टी तिथे असमान आहेत. साधनांमध्ये याला मोठा अपवाद एकच, बुटांची जागा आणि ते किंचित फिरवून बसवण्याचा कोन. ते पायांसारखेच असमान असतात.

यावर साधनांच्या बाजूचा आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. ते म्हणतात, फिनमधला समान बदल दोन बाजूंवर समान परिणाम करतोच असे नाही. चांगल्या बाजूला तोल साधायला बरीच मोकळीक असते, वाईट बाजूला नसते. म्हणून शेपटीला थोडा जास्त आधार दिला की वाईट बाजू सावरते आणि चांगल्या बाजूला त्याची थोडीशीच किंमत मोजावी लागते. वरच्या पातळीचे खेळाडू असा सौदा जाणूनबुजून करतात. हा युक्तिवाद बरोबर आहे. पण त्याने काय सिद्ध होते ते पाहायला हवे. फिनने शरीराच्या असमानतेची भरपाई केली, असमानता गेली नाही. हंगामाच्या मध्यावर, स्पर्धा तोंडावर असताना ही भरपाई शहाणपणाची असेल. हिवाळ्यापूर्वी महिनाभर सराव बाकी असेल तर नसेल. म्हणजे सेटिंग बरोबर की चूक, याचे उत्तर कॅलेंडर पाहिल्याशिवाय देता येत नाही.

दुसरा आक्षेप आणखी टोकदार आहे. सगळे तंत्रातच असेल, तर जगातले सर्वोत्तम खेळाडू फिनशी का खेळत बसतात? याला दोन उत्तरे संभवतात आणि दोन्ही एकदम खरी असू शकतात. पहिले असे, की त्यांचे तंत्र इतके स्थिर असते की बाकीचे बदल शांत राहतात आणि पाव मिलिमीटरचा फरक त्यांना खरोखर जाणवू शकतो. वळण घेणारी स्की पकड आणि घसरणे यांच्या अगदी सीमेवर असते, आणि सीमेवर अर्ध्या टक्क्याचा बदलही पारडे फिरवू शकतो. म्हणून बदल छोटा आहे एवढ्यावरून परिणामही छोटा असेल, असे भौतिकशास्त्राच्या नावाने सांगता येत नाही. दुसरे उत्तर असे, की आकडा बदलल्याचा विश्वासच खेळाडूला मोकळे करतो. याला मानसिक म्हणून उडवून लावू नये. भीतीने मागच्या पायावर बसणारा खेळाडू स्की आता सुधारली या समजुतीने पुढे झुकला, तर वळण खरेच सुधारते. फक्त श्रेय फिनला द्यायचे की समजुतीला, एवढेच कळत नाही.

नवशिक्यांबद्दलचा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. वजनाला न शोभणाऱ्या लांबीच्या स्कीवर, कुणीतरी पूर्वी हलवून ठेवलेल्या फिनवर, सैल बुटांत उभा असलेला माणूस कितीही योग्य सूचना पाळायला गेला तरी शिकू शकत नाही. ‘आधी तंत्र’ हे ब्रीद इथे अन्यायाचे होते. पण यातून निघणारा निष्कर्ष फिन सतत हलवत राहा असा नाही. स्की वजनाला आणि वेगाला साजेशी घ्या, बूट घट्ट बसवा, उत्पादकाने दिलेल्या आकड्यांवर फिन आणा आणि तिथेच थांबा. त्या पायावरून पुढचा प्रत्येक फेरफार मोजता येतो. बूट पुढे नेण्याचा सल्ला नवशिक्याला सहज दिला जातो, कारण मागच्या पायावर बसण्याची खोड त्याने झाकली जाते. तोच खेळाडू पुढे खरोखर पुढच्या पायावर यायला शिकला की तेच सेटिंग त्याला टोकावरून पाण्यात फेकते. मग तो नवे तंत्र सोडून देतो आणि जुने सेटिंग मात्र ठेवतो.

न सुटलेले प्रश्न

इथे पुराव्याची अडचण पूर्णपणे समोर येते. फिन आणि शरीर यांखेरीजही वळण बदलणाऱ्या गोष्टी आहेत. बोटीचा वेग घ्या. पूर्वी तो चालक हाताने सांभाळायचा. मग कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात तयार झालेले, वेग आपोआप राखणारे परफेक्ट पास आले, पुढे उपग्रहावरून वेग मोजणारे झीरो ऑफ आले. खेळाडूने ओढले की इंजिन किती जोराने आणि केव्हा उत्तर देणार, यासाठी झीरो ऑफमध्ये तीन अक्षरे आणि तीन अंक निवडता येतात, म्हणजे नऊ जोड्या. जोडी बदलली की लाटेमागे मिळणारा वेग बदलतो आणि बोयाशी वळण बदलते, फिनला हात न लावता. पाणीही स्थिर नाही. १० अंशांच्या पाण्यापेक्षा २५ अंशांच्या पाण्याची चिकटाई जवळपास एक तृतीयांशाने कमी असते, घनता मात्र अर्धा टक्काही बदलत नाही. थंड पाण्यात स्की वेगळी वागते असे खेळाडू एकमुखाने सांगतात आणि हंगामाच्या दोन टोकांना सेटिंग बदलतात. पण या वेगाला चिकटाईचा वाटा तसा लहान असायला हवा, त्यामुळे अनुभव खरा असला तरी त्याचे दिले जाणारे कारण खरे आहे का, हे उघडेच आहे. थंडीत आखडलेले खांदे आणि जाड वेटसूट हेही त्याच दिवसांचे सोबती असतात. समुद्राचे पाणी गोड्या पाण्याहून अडीच टक्क्यांच्या आसपास जड असते, आणि एका तळ्यावर जुळवलेले आकडे खाऱ्या पाण्यात तसेच उतरावेत अशी अपेक्षा धरणे कठीण आहे. भरीला वापराने स्कीचा कडकपणाही हळूहळू कमी होतो. दोन वर्षांपूर्वीचा आकडा आज त्याच स्कीला लागू पडेलच असे नाही.

अशा परिस्थितीत एका खेळाडूने, एका संध्याकाळी, स्वतःच फिन हलवून, स्वतःच वळण जोखून काढलेला निष्कर्ष किती भक्कम मानायचा? फारसा नाही. आणि ‘फिन हलवली नाही, फक्त खांदे उघडे ठेवले आणि जमले’ हा निष्कर्षही त्याच तराजूत तेवढाच हलका ठरतो. म्हणून व्यवहारात एक क्रम समंजस वाटतो. आधी मूळ आकडे, मग बोटीतून आणि किनाऱ्यावरून घेतलेली चित्रफीत, मग दोष एका बाजूचा आहे की दोन्ही बाजूंचा याची शहानिशा. दोष एका बाजूचा असेल तर शरीर आणि बूट. दोन्ही बाजूंना, अनेक दिवस, एकाच जागी होत असेल तर फिन, आणि तीही एका वेळी एकच माप. यात नवे काही नाही, जुने प्रशिक्षकही हेच सांगत आले. फरक पडतो तो एका वेळी एकच या अटीमुळे, आणि ती अट पाळणारे थोडे.

याहून पुढे जायचे तर साधा उपाय हाताशी आहे. फिन मित्राने बसवायची, कधी हलवायची, कधी नुसती सैल करून पुन्हा तशीच आवळायची, आणि काय केले ते खेळाडूला सांगायचे नाही. पाच-सहा फेऱ्यांनंतर खेळाडूने ओळखायचे, कोणत्या वेळी बदल झाला होता. कॅलिपरशिवाय कसलाही खर्च नाही. हा प्रयोग पुरेशा खेळाडूंनी, पुरेशा दिवशी केला, तर पाव मिलिमीटर जाणवतो की नाही यावर तरी निदान दोन्ही घराण्यांना एकाच कागदावर बोलता येईल. वळताना विंग शेपटीला कुठे ढकलते, हा प्रश्न त्याने सुटणार नाही. त्यासाठी पाण्याखालचा कॅमेरा आणि फिनवर बसवलेले सेन्सर लागतील.